दहा अडचणी पाहिजेत

“कुणाला काही अडचण आहे का?” गलांडे सरांनी वर्गाला विचारलं.

आठवी ‘ब’ गप्प. एकोणपन्नास पोरं, आणि एकालाही अडचण नाही. सर टेबलाशी उभे होते. एका हातात खडू, दुसऱ्या हातात निळ्या पुठ्ठ्याची लांबडी वही, आणि कानाच्या पाळीला नेहमीप्रमाणे कसला तरी रंग लागलेला.

“लाजू नका,” ते म्हणाले. “घरचं असेल, अभ्यासाचं असेल, नुसतं येऊन बसलात तरी चालेल.”

मागच्या बाकावरून वैजनाथ उठला. हा आमच्या वर्गाचा विदूषक. “सर, किती पाहिजेत?”

“काय किती?”

“अडचणी.”

वर्ग खिदळला. सरही हसले, पण त्यांना खोटं बोलता येत नसे, म्हणून त्यांनी खरोखरच आकडा सांगितला. “महिन्याला दहा,” ते म्हणाले. “परिपत्रकात तसं आहे. शुक्रवारी तपासणीला साहेब येणार आहेत. वही पाहतील.”

“आणि आत्ता किती झाल्यात?”

सरांनी वही उघडून आमच्याकडे धरली. पहिल्या पानावर त्यांच्या सुरेख अक्षरात ‘समुपदेशन नोंदवही’ असं लिहिलेलं होतं, भोवती वेलबुट्टी काढली होती, आणि पुढची सगळी पानं कोरी करकरीत होती.

ही गोष्ट बावीस वर्षांपूर्वीची. आमचं हिंगणखेड हे माणदेशातलं हजार-बाराशे उंबऱ्यांचं गाव, आणि शाळा एका मोठ्या संस्थेची. त्या वर्षी वरून हुकूम आला की प्रत्येक शाळेत समुपदेशन कक्ष पाहिजे. इंग्रजीचे सर नको म्हणाले, गणिताच्या बाईंना वेळ नव्हता, तेव्हा ते घोंगडं चित्रकलेच्या गलांडे सरांच्या गळ्यात पडलं. जिल्ह्याच्या गावी तीन दिवसांचं प्रशिक्षण घेऊन ते परत आले. नकाशांची खोली झाडून घेतली, दोन खुर्च्या टाकल्या, शेंगदाण्याचा डबा आणून ठेवला आणि ‘समुपदेशन कक्ष’ हे नाव पोरांना भ्या दाखवतं म्हणून दारावर तैलरंगानं ‘या, बसा’ असं लिहिलं. तरी कुणी जाईना. तिथं गेलं की येडं म्हणतात, असं वैजनाथनं जाहीर करून टाकलं होतं.

सर वर्गातून गेले आणि मी बाकावर उभी राहिले. मी वर्गाची मॉनिटर. नाव वर्षाराणी खिलारे, पण शाळेत मला ‘पोस्टाची पेटी’ म्हणत. शिपायाची जागा तीन वर्षं रिकामी होती, आणि आमचे हेडमास्तर मुळीक सर हे मोठे भिडस्त गृहस्थ. कुणाला तोंडावर काही सांगायचं म्हटलं की त्यांना घाम फुटे. त्यामुळं ते आपल्या खोलीत बसून निरोप काढत आणि मी ते वर्गावर्गांत नेऊन पोचवत असे. निरोप मऊ करून सांगण्यात माझा हातखंडा होता. मुळीक सर म्हणायचे, “त्या गणिताच्या बाईंना विचार, पेपर तपासून होणार आहेत का पेन्शनीपर्यंत?” मी बाईंना जाऊन सांगायची, “बाई, सर म्हणाले सवडीनं द्या, पण या आठवड्यात द्या.” बाई खूश, सर खूश.

तर अशा निरोपांतूनच मला एक गोष्ट कळली होती. ती मी वर्गाला सांगितली.

“हेडसरांचं संस्थेशी बोलणं झालंय. कक्ष चालू दिसला नाही तर सरांची बदली होणार. कोकणातल्या शाखेत चित्रकलेची जागा रिकामी आहे.”

आता कुणी खिदळलं नाही. गलांडे सरांवर आमचा भारी जीव. ते दोन्ही हातांनी एकदम फळ्यावर चित्र काढायचे, उजव्यानं बैल आणि डाव्यानं गाडी. कुणाला मारलं नाही, कुणाचं चित्र हसण्यावारी नेलं नाही. त्यांची बायको गावातल्याच अंगणवाडीत होती आणि मुलगी नुकती चालायला लागली होती. ते सगळं सोडून माणूस कोकणात एकटा राहणार, केवळ आम्हाला अडचणी नाहीत म्हणून.

“मग देऊ की अडचणी,” वैजनाथ म्हणाला. “दहाच ना?”

“देणार कुठनं?” माझी बाकावरची मैत्रीण तबस्सुम मुलाणी म्हणाली. “मला तर काहीच होत न्हाई.”

“वर्षाराणी करील तयार. तिला निबंधात पैकीच्या पैकी पडतात.”

असं ते ठरलं. मी दहा जणांची निवड केली आणि मंगळवारी-बुधवारी मधल्या सुट्टीत चिंचेखाली बसून एकेकाला त्याची अडचण सांगितली. ती त्यानं आपल्या हातानं लिहायची, म्हणजे अक्षर वेगवेगळं. वैजनाथला मी दिली ती अशी: आत्यानं घरी द्यायला एक निरोप दिला होता, तो मी विटीदांडूच्या नादात पोचवलाच नाही, तेव्हापासून आत्या घरी येत नाही आणि माझे मन विषण्ण होते. तबस्सुमची अशी: शेजारच्या खालांनी अम्मीला सांगायला लावलं होतं एक आणि मी सांगितलं दुसरंच, आता दोघींचं येणंजाणं बंद आहे आणि मला झोप लागत नाही. एकाच्या आजोबांनी डॉक्टरांना काही कळवायला सांगितलं होतं, एकीच्या ताईनं होणाऱ्या नवऱ्याला चिठ्ठी दिली होती. मला सुचतच गेलं. एवढ्या सपाट्यानं मी कधी निबंधही लिहिला नव्हता.

“लई भारी जमतंय तुला,” तबस्सुम म्हणाली. “खरंच वाटतंय.”

बुधवारी शाळा सुटताना दहाही जणांनी आपापले कागद ‘या, बसा’च्या दारातून आत सरकवले. आम्ही मोठ्या मर्दुमकीनं घरी गेलो.

गुरुवारी शेवटच्या तासाला सरांनी मला कक्षात बोलावून घेतलं.

“बस.”

“सर, घंटा द्यायचीय मला.”

“घंटा वैजनाथला सांगितलीय.”

म्हणजे शाळा आता केव्हाही सुटणार होती. मी खुर्चीच्या कडेवर टेकले. सरांनी टेबलावर दहा कागद ओळीनं मांडले होते, पत्ते मांडावेत तसे.

“वैजनाथच्या कागदात ‘विषण्ण’ असा शब्द आहे,” ते म्हणाले. “मी त्याला विचारलं, विषण्ण म्हणजे काय रे? म्हणाला, सर, काहीतरी वाताचा विकार असंल.”

मी खाली मान घातली.

“मी रागावलो नाही, बाळ. मला वाचवायला लिहिलेत, हे न कळायला मी काही दगड नाही. काल घरी नेले, बायकोला दाखवावेत म्हटलं, बघ पोरांची माया. मग वाचत गेलो आणि नाही दाखवले.”

“सर, चुकलं.”

“चुकलं नाही. ऐक. मी चित्रकलेचा मास्तर आहे. पोरांना बाजार काढायला सांगा, पूर काढायला सांगा, प्रत्येक पोरगं त्यात कुठंतरी आपलं घर काढतंच. दार त्याच बाजूला, खिडकी तेवढीच. मला नाव वाचावं लागत नाही.” त्यांनी पहिल्या कागदावर बोट ठेवलं. “इथं निरोप पोचला नाही. इथं निरोप वेगळाच सांगितला. इथं चिठ्ठी हरवली. इथं पुन्हा वेगळंच सांगितलं. दहा कागद, दहा निरोप. आणि दहाही ठिकाणी ते लेकरू म्हणतंय, माझ्यामुळं झालं.”

“योगायोग असंल सर.”

“असेल.”

सरांनी शेंगदाण्याचा डबा माझ्यापुढं सरकवला. प्रशिक्षणात त्यांना शिकवलं असावं की मुलाच्या डोळ्यांत बघावं, पण ते बघत होते भिंतीवरच्या आफ्रिकेकडे. खरं तर त्यांना ते समुपदेशन फारसं जमत नव्हतं. मी चार शेंगदाणे खाल्ले. बाहेर पोरं ‘घंटा दे, घंटा दे’ करून वैजनाथच्या मागं लागली होती.

“वर्षाराणी,” सर आफ्रिकेकडेच बघत म्हणाले, “सगळ्या शाळेचे निरोप तू नेतेस. तुझा स्वतःचा कुणाला काही निरोप आहे का?”

मी रडायला लागले ती शाळा सुटली तरी रडतच होते. आणि रडता रडता मी सरांना सगळं सांगितलं.

आमच्या घरात आई आणि बाबा दोन वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. भांडत नव्हते, बोलत नव्हते. बाबा एसटीत कंडक्टर. दिवसभर अख्ख्या तालुक्याशी गप्पा मारणार, म्हाताऱ्यांची गाठोडी चढवून देणार, आणि घरी आले की मुके. आई शिवणयंत्रावर बसून गल्लीतल्या बायकांशी हसायची, बाबांची चप्पल वाजली की तिचं हसू बंद. मधे मी. “तुझ्या बाला सांग, दळण आणायचंय.” “तुझ्या आईला सांग, उद्या पहाटेची ड्युटी आहे.” दिवसाला दहा-पंधरा निरोप. तेही मी मऊ करून पोचवायची. हे सगळं कशावरून, तर मामाच्या लग्नात बाबांना फेटा बांधायचा राहिला यावरून. ऐकणाऱ्याला हसू येईल. पण थोरल्या जावयाला भरमांडवात बोडकं ठेवणं म्हणजे आमच्याकडं काय असतं, ते आमच्याकडच्यांनाच कळेल.

एवढं तर भावकीला माहीत होतं. पण त्याच्या पोटात आणखी एक गोष्ट होती, जी फक्त मला माहीत होती. तीही मी त्या दिवशी सरांना सांगितली.

सरांनी ऐकून घेतलं. मग रुमाल दिला, त्यालाही रंग लागलेला होता.

“मी काय सल्ला देऊ?” ते म्हणाले. “माझं तीन दिवसांचं शिक्षण. पण एवढं वाटतं की ज्याचा निरोप त्यानं न्यावा. त्यांचा त्यांनी. आणि तुझा तू.”

“मला भ्या वाटतं.”

“वाटणारच.”

“आणि सर, वही?”

“वहीचं बघू. जा, अंधार पडायच्या आत घरी पोच. इथलं बोलणं इथंच राहील.”

साडेसहाला बाबा आले. खाकी उतरवून, हातपाय धुऊन पुढच्या सोप्यात बसले. आईनं चुलीवरून भाकरी उतरवली आणि पाठमोरीच म्हणाली, “वर्षे, म्हणावं ताट वाढलंय. यायचं तर या, न्हाईतर मांजराला घालते.”

रोजची मी असते तर सोप्यात जाऊन ‘बाबा, आईनं जेवायला बोलावलंय’ म्हटलं असतं. मी उठले, सोपा आणि स्वयंपाकघर यांच्यामधल्या उंबऱ्यात उभी राहिले आणि तिथंच थांबले. दोन्हीकडं ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, “मी नाही सांगणार.”

आईनं वळून बघितलं. “काय गं?”

“मी आता कुणाचाच निरोप नेणार नाही. माझा एक आहे. तुम्हाला दोघांना.”

मी चौकट धरली. म्हटलं, “मामाच्या लग्नात बाबांनी मला मांडवामागं बोलावलं होतं. म्हणाले, आईला सांग, मी चाललोय. अडवायचं असंल तर स्टँडवर ये म्हणावं, नाहीतर मी काय समजायचं ते समजेन. तुला सांगायला आले, आई, तेव्हा तू हळदीत नाचत होतीस. सगळ्या बायकांत तू एवढी हसत होतीस की मला ते सांगवेना. मी म्हटलं, बाबांना डेपोतून बोलावणं आलं, ते ड्युटीवर गेले.”

चुलीवरचा तवा रिकामाच तापत होता.

मग बाबांचा आवाज आला. “तीन गाड्या सोडल्या मी.”

आई म्हणाली, “काय?”

“स्टँडवर. दुपारची दहिवडी सोडली, फलटण सोडली, शेवटची सातारा सोडली. येशील म्हणून.”

“मग बोलला का न्हाई?” आई उलथनं घेऊन उंबऱ्याशी आली. “दोन वर्षांत एकदा तोंडातनं काढायला काय झालं होतं?”

“तू आली न्हाईस!”

“मला कुठं ठाऊक! मला वाटलं, माझ्या भावाच्या लग्नात ह्यांना ड्युटी गोड लागली. अक्षता पडायच्या आत माणूस पसार. सगळी विचारायला लागली, दाजी कुठं, दाजी कुठं. मी मान वर करायची कशी?”

“आणि मी बोडक्यानं मान वर करायची कशी?”

“फेटे संपले होते! फेटेवाल्यानंच कमी आणले होते, माझ्या बापालासुद्धा मिळाला न्हाई!”

“तुझ्या बापाला न्हाई मिळाला?”

“न्हाई!”

“हे मला कुणी सांगितलं?”

“तुम्ही विचारलं का?”

आणि मग दोघंही एकदम माझ्याकडं बघायला लागले. मी चौकटीला धरून तशीच उभी होते. वाटलं, आता मार बसणार. बसावा, असंही वाटत होतं. दोन वर्षं मी रोज त्याचीच वाट बघत होते.

आईनं उलथनं खाली ठेवलं आणि मला ओढून पोटाशी धरलं. “येडी गं माझी,” एवढंच म्हणाली. तिच्या हाताला पीठ होतं, ते माझ्या केसांना लागलं. लगेच माझ्या डोक्यावरून ती बाबांवर कडाडली, “अकरा वर्षांचं पोर होतं! त्याच्या हाती असला निरोप देत्यात व्हय?”

“आणि तू? दोन वर्षं ताट वाढलेलं कुणाच्या हाती सांगतीयास?”

“तुम्हीच सुरू केलंत!”

“मी? मी सुरू केलं?”

शेजारच्या काकू भिंतीवरून डोकावल्या. “काय गं झालं? कसला आवाज?”

“काही न्हाई,” आई ओरडली. “बोलतोय!”

दोन वर्षांनी आमच्या घरात भांडण झालं. आवाज पार चावडीपर्यंत गेला असेल. मी पाटावर बसून दोन भाकरी खाल्ल्या, तिसरी अर्धी घेतली आणि ते सगळं ऐकत राहिले. इतकं बरं मला कधी वाटलं नव्हतं.

शुक्रवारी साहेब आले. चहाचा ट्रे न्यायला अर्थात मीच. हेडसरांच्या खोलीत साहेब मधल्या खुर्चीत, मुळीक सर शेजारी घाम पुसत आणि गलांडे सर समोर उभे. टेबलावर ती निळी वही. मी कप ठेवत होते तेव्हा साहेबांनी ती उघडली. मला वाटलं, आता दहा कागद निघतील, नीट चिकटवलेले, भोवती वेलबुट्टी.

साहेबांनी पान उलटलं. कोरं. दुसरं उलटलं. तेही कोरं. ते शेवटपर्यंत गेले आणि परत पहिल्या पानावर आले.

“हे काय? एकही प्रकरण नाही?”

“एक आहे साहेब,” गलांडे सर म्हणाले.

“मग नोंद कुठाय?”

“नोंद केली नाही.”

“का?”

“गाव लहान आहे साहेब. नाव न घालता दोन ओळी लिहिल्या तरी दुपारपर्यंत कळेल, कुणाचं घर ते. लेकरानं विश्वासानं सांगितलंय.”

सरांनी माझ्याकडं एकदाही बघितलं नाही. चुकूनसुद्धा नाही. दहा कागद त्यांच्याजवळ होते, ते त्यांना वहीत बिनधास्त लावता आले असते. पण दहाही कागदांत माझंच घर होतं, आणि मुळीक सर बाबांच्या गाडीनं रोज येत-जात होते.

“गलांडे, तुमच्या भावना ठीक आहेत,” साहेब म्हणाले, “पण मला परिपत्रकाप्रमाणे दहा लागतात. तोंडी एक घेऊन मी काय करू?” त्यांनी पेन काढलं आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, ‘कक्ष कार्यरत नाही.’ मग चहा घेतला आणि चहा चांगला झाल्याचं सांगितलं.

त्या रात्री आई-बाबा पुन्हा भांडले, या खेपेला मामाच्या लग्नातल्या जिलेबीवरून. मला मात्र जेवण गेलं नाही.

शनिवारी सकाळची शाळा. प्रार्थना झाल्याबरोबर मुळीक सरांनी मला बोलावलं. टेबलावर एक लांब पाकीट होतं. सर पाकिटाकडंही बघत नव्हते आणि माझ्याकडंही.

“हे गलांडे सरांना दे. संस्थेला जायचं पत्र आहे, त्यावर त्यांची सही आण. आणि सांग, हेडसर म्हणाले, वाईट वाटून घेऊ नका, आमचाही नाइलाज आहे.”

मी पाकिटाला हात लावला नाही.

“ने की.”

“मी नाही नेणार सर.”

मुळीक सरांनी चष्मा काढला. तीन वर्षांत मी त्यांना नाही म्हटलं नव्हतं. “काय म्हणालीस?”

“हा निरोप तुम्हीच न्या.”

“वर्षाराणी! उलट उत्तर देतेस?”

“नाही सर, खरं सांगते. मला खोड आहे. मी निरोप बदलून सांगते. आजवरचे तुमचे सगळेच बदलून सांगितलेत. गणिताच्या बाईंना तुम्ही पेन्शनीचं बोलला होतात, मी सवडीनं द्या म्हटलं. हा पण बदलेन मी. बदली झाली म्हणून सांगणारच नाही. सांगेन, हेडसर म्हणाले तुम्ही कुठं जाऊ नका.”

बोलले आणि आता शाळेतून माझं नाव काढून टाकणार या तयारीनं उभी राहिले. मुळीक सरांच्या कपाळावर घाम आला होता, नेहमीसारखाच. मग ते उठले. टोपी घातली, पाकीट उचललं आणि खोलीबाहेर पडले. त्यांच्या दारापासून ‘या, बसा’च्या दारापर्यंत बारा पावलं असतील. कक्ष सुरू झाल्यापासून ती त्यांनी एकदाही चालली नव्हती.

ते आत गेले आणि दार लागलं.

सगळी आठवी ‘ब’ खिडक्यांना लोंबकळली. तासाची घंटा द्यायचं कुणाला सुचलं नाही. पहिला तास गेला. दुसरा अर्धा गेला. वैजनाथ दोनदा व्हरांड्यातून रांगत जाऊन कान लावून आला.

“भांडत्यात का?” मी विचारलं.

“न्हाई. हेडसरच बोलत्यात. आपले सर नुसतं हूं म्हणत्यात.”

“हेडसर? एवढा वेळ?”

“आणि शेंगदाणे खात्यात. वाजत्यात की.”

सव्वानऊला दार उघडलं. मुळीक सर बाहेर आले. डोळे लाल होते आणि पाकीट खिशात होतं, दुमडलेलं. ते माझ्यापाशी थांबले. “वर्गात जा,” म्हणाले. मग दोन पावलं पुढं जाऊन परत वळले. “आणि घंटा कुणी द्यायची? मी?”

ते पत्र संस्थेकडं गेलंच नाही. त्याऐवजी दुसरं गेलं. सोमवारी क्लार्क भाऊसाहेबांनी ते जावक नोंदवहीत चढवताना मी वाचलं. ‘समुपदेशन कक्ष कार्यरत असून मी स्वतः त्याचा अनुभव घेतला आहे. श्री. गलांडे यांना येथेच ठेवावे.’ खाली मुळीक सरांची सही. सर आमची दहावी होईपर्यंत हिंगणखेडातच राहिले, आणि पुढंही पुष्कळ वर्षं.

त्या सव्वा तासात आत काय बोलणं झालं, ते मला आजही माहीत नाही. मी मोठी झाले, नोकरीला लागले, गावी गेले की सरांना भेटत असे. तेव्हाही एकदोनदा विचारून बघितलं. सर हसायचे आणि आफ्रिका नसली तरी भिंतीकडं बघायचे.

त्या सोमवारी मात्र मधल्या सुट्टीत मी आपणहून त्या दारातून आत गेले. पोरांनी बघितलं, बघू दे म्हटलं. सर डाव्या हातानं कसलं तरी चित्र रंगवत होते.

“ये, बस. घरी कसं आहे?”

“रोज भांडतात सर.”

“रोज?”

“सकाळ-संध्याकाळ. काल दोघं मिळून मामाकडं जाऊन आले, तिथंही भांडले. बाबांना मामानं फेटा बांधला, तर आई म्हणाली रंग शोभत नाही.”

सर मोठ्यानं हसले. मग कुंचला ठेवून माझ्याकडं बघितलं, या खेपेला नीट, डोळ्यांत.

“आणि तेव्हा तू काय करतेस?”

“मी काही नाही करत सर,” मी म्हटलं. “मी खेळायला जाते.”